जिजाऊंचा जन्म, लोणारचं वय आणि तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप: इतिहासाचा पुरावा खरा की खोटा, हे मुलांना कसं शिकवायचं?

दरवर्षी जानेवारी उजाडला की बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक ग्रुपवर सिंदखेडराजाचे फोटो, रील आणि लांबलचक मेसेज फिरायला लागतात. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती असते. लाखोंनी लोक सिंदखेडराजाला येतात आणि त्याच्या कितीतरी पट मेसेज मोबाईलवर येतात.

त्यातले काही मेसेज अगदी बरोबर असतात. काहींत तारीख चुकलेली असते. काहींत कुणाचं तरी चित्र दुसऱ्याच्या नावावर खपवलेलं असतं. आणि काहींत शेवटी लिहिलेलं असतं: 'हा इतिहास तुमच्यापासून लपवला गेला, जास्तीत जास्त शेअर करा.'

नववीतल्या एखाद्या मुलीने हा मेसेज वाचला, तर खरं काय हे तिने कसं ठरवायचं? गंमत म्हणजे तिच्या पुस्तकात याचं उत्तर अर्धंमुर्धं आहे. 'इतिहासाची साधने' हा धडा तिने पाठ केलेला असतो. भौतिक, लिखित, मौखिक असे प्रकार तिला येतात. पण परीक्षेतलं 'साधन' आणि मोबाईलवरचा 'मेसेज' ही एकाच जातीची गोष्ट आहे, हे तिला सहसा कुणी सांगत नाही.

ते कसं सांगता येईल, हे बुलढाणा जिल्ह्यातल्याच उदाहरणांवरून समजून घेऊ.

हे एवढं महत्त्वाचं का आहे?

इतिहासावरचा एखादा मेसेज चुकीचा निघाला तर काय बिघडतं, असं वाटू शकतं. परीक्षेत एखादा मार्क जाईल, बस्स.

पण महाराष्ट्रात इतिहास हा फक्त परीक्षेचा विषय नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही जणांच्या सोशल मीडिया स्टेटसवरून वातावरण तापलं, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. वाद इतिहासातल्या व्यक्तींवरूनच होता. अशा वेळी स्टेटस ठेवणारे आणि ते पाहून रस्त्यावर उतरणारे, दोन्हीकडे कोवळ्या वयाची मुलं असू शकतात. एका फॉरवर्डमुळे गुन्हा दाखल झाला, तर पुढे कॉलेज प्रवेश, नोकरी, पासपोर्ट अशा ठिकाणी तो आडवा येऊ शकतो.

म्हणून 'हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं' हे विचारता येणं ही आज मुलांच्या सुरक्षेचीही गोष्ट आहे.

आधी मूळ प्रश्न: 'विश्वसनीय साधन' म्हणजे काय?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. आपल्याला वाटतं की काही साधनं खरी असतात आणि काही खोटी. खऱ्यांचा एक गठ्ठा, खोट्यांचा दुसरा.

प्रत्यक्षात साधन विश्वसनीय आहे की नाही, हे तुम्ही त्याला कोणता प्रश्न विचारता त्यावर ठरतं. याचं जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे लोणारचं सरोवर. या एका सरोवराबद्दल आपल्याकडे किमान चार प्रकारची साधनं आहेत.

पहिलं, पुराणकथा. लवणासुर नावाच्या दैत्याचा विष्णूने वध केला आणि त्यातून हे सरोवर झालं, अशी कथा आहे. लोणारचं दैत्यसूदन मंदिर याच कथेशी जोडलेलं आहे.

दुसरं, अकबराच्या काळातला 'ऐन-ए-अकबरी' हा ग्रंथ. अबुल फजलने त्यात लोणारचा उल्लेख केला आहे. काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ इथे मिळतात आणि त्यातून सरकारला चांगलं उत्पन्न येतं, अशी त्याची नोंद आहे.

तिसरं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदी. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. आजूबाजूला सगळा काळा बेसाल्ट खडक, म्हणजे हे ज्वालामुखीचं विवर असणार, असा समज पुढे दीडशे वर्षं बऱ्यापैकी टिकून राहिला.

चौथं, प्रयोगशाळा. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला. इथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारे काचेसारखे पदार्थ सापडले होते. लोणारचं विवर अशनीच्या आघातानेच झालं, हे त्यातून पक्कं झालं.

आता मुलांना विचारा: यातलं विश्वसनीय साधन कोणतं?

बहुतेक वर्ग एका सुरात म्हणेल, 'चौथं!' मग पुढचा प्रश्न टाका. सोळाव्या शतकात लोणारमधून सरकारला उत्पन्न मिळत होतं का, हे चौथं साधन सांगू शकतं का? नाही. तिथे अबुल फजलच लागेल. कारण तो राज्यकारभाराची माहिती गोळा करत होता आणि महसूल हा त्याच्या कामाचा विषय होता. बरं, लोणारला लोक तीर्थ का मानतात, तिथे कोणत्या देवाचं मंदिर का उभं राहिलं? याचं उत्तर ना प्रयोगशाळेत आहे ना महसुलाच्या नोंदीत. त्यासाठी पुराणकथाच वाचावी लागेल.

तीच कथा 'विवर कसं तयार झालं' या प्रश्नासाठी पुरावा म्हणून वापरली, की गाडी रुळावरून घसरते. कथा तीच राहते, तिला विचारलेला प्रश्न चुकतो.

शास्त्रज्ञांचेही आकडे बदलतात, मग विश्वास कशावर ठेवायचा?

लोणार सरोवराचं वय किती, हे आत्ता शोधून बघा. अनेक ठिकाणी '५० हजार वर्षं' असं दिसेल आणि काही ठिकाणी 'पावणेसहा लाख वर्षं'. इतका फरक कसा?

दोन्ही आकडे संशोधनातूनच आले आहेत. आधीच्या एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं. नंतर आर्गॉन या वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं, तेही ४७ हजार वर्षं इकडे किंवा तिकडे, अशी मर्यादा सांगून. हा अभ्यास साधारण २०१०-११ मध्ये प्रसिद्ध झाला. जुना आकडा मात्र पुस्तकांत आणि पोस्टमध्ये तसाच फिरत राहिला.

यातून मुलांना दोन गोष्टी शिकवता येतात. एक, 'कधीचं लिखाण आहे' हा प्रश्न फक्त जुन्या कागदांना विचारायचा नसतो, वेबसाइटलाही विचारायचा असतो. दोन, जो 'इतकं मागंपुढं होऊ शकतं' हे स्वतःच सांगतो, त्याच्यावर जरा जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही. खोट्या मेसेजमध्ये आकडा नेहमी ठाम असतो.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हाही हेच दिसलं. पहिल्या दोन दिवसांत चमत्कारापासून प्रदूषणापर्यंत सगळे तर्क लढवून झाले. पाण्याचे नमुने तपासल्यावर कळलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. तर्क लगेच मिळाले, पुराव्याला वेळ लागला. इतिहासातही बहुतेक वेळा असंच होतं.

सिंदखेडराजाचं एक कोडं: दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का?

आता जिल्ह्यातल्या सगळ्यात लाडक्या गोष्टीकडे येऊ.

लहानपणी तुम्हीही ऐकली असेल. लाखुजी जाधवांच्या वाड्यात होळी-रंगपंचमीचा सण चालू आहे. मालोजी भोसले छोट्या शहाजीला घेऊन आले आहेत. शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उडवतात. लाखुजी कौतुकाने म्हणतात, 'जोडा किती छान दिसतो!' आणि मालोजी तो शब्द धरून ठेवतात.

इंग्रज अधिकारी ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही गोष्ट येते. त्याने साल दिलं आहे १५९९. शहाजींचं वय पाच आणि जिजाऊंचं तीन-चार वर्षं, असंही तो सांगतो.

आता दुसरी माहिती घ्या. जिजाऊंची जन्मतारीख आपण १२ जानेवारी १५९८ मानतो. म्हणजे १५९९ च्या होळीला जिजाऊ किती वर्षांच्या होत्या?

जेमतेम सव्वा वर्षाच्या.

सव्वा वर्षाचं मूल नीट चालायला शिकत असतं. म्हणजे जन्मतारीख, प्रसंगाचं साल आणि त्यावेळचं वय या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. निदान एक तरी चुकलेली आहे.

यातलं नेमकं काय चुकलं, हे शिक्षकाने लगेच सांगू नये. ही वजाबाकी पाचवीतलं मूलही करू शकतं. ती केली की पुढचे प्रश्न मुलांना आपोआप सुचतात. ग्रँट डफ या प्रसंगाच्या सव्वादोनशे वर्षांनंतर लिहीत होता, मग त्याला मुलांची वयं कुठून कळली? तो साताऱ्यात अधिकारी होता, जुने कागद आणि बखरी त्याला पाहायला मिळाल्या होत्या. मग त्या बखरी कधीच्या? शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी लिहिलेलं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य जास्त जवळच्या काळातलं आहे. त्यात या लग्नाबद्दल काय म्हटलंय? रंगाचा प्रसंग तिथे आहे का? शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक काढून मुलांनी स्वतः बघावं. हाच खरा गृहपाठ.

या प्रश्नांमुळे जिजाऊंचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही, हेही वर्गात स्पष्ट सांगायला हवं. त्यांचं कर्तृत्व रंगपंचमीच्या गोष्टीवर उभं नाही. तपासायचं आहे ते साधन.

तारीख जुळली म्हणजे पुरावा झाला का?

याच तारखेवर आणखी एक छान प्रयोग करता येतो. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमेचा मानला जातो. मग १२ जानेवारी १५९८ ला खरंच पौर्णिमा होती का?

चांद्रमास साधारण २९.५३ दिवसांचा असतो. आजची एखादी पौर्णिमा धरून मागे मोजत गेलं, की कुठल्याही जुन्या तारखेची तिथी काढता येते. अनेक मोफत अॅपही हे करून देतात. पण इथे एक मेख आहे. १२ जानेवारी ही तारीख जुन्या युलियन कॅलेंडरची आहे. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरनुसार तो दिवस २२ जानेवारी १५९८ येतो. अॅपमध्ये ग्रेगोरियन १२ जानेवारी टाकली तर पौर्णिमा येणार नाही आणि तुम्ही 'तारीख खोटी' अशी पोस्ट टाकून मोकळे व्हाल. २२ जानेवारी टाकली की बरोबर पौर्णिमा येते.

म्हणजे दोन साधनांतल्या तारखांत दहा दिवसांचा फरक दिसला, तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आधी कॅलेंडर कोणतं ते बघा.

आणि दुसरी बाजू: तिथी जुळली म्हणून जन्म त्याच दिवशी झाला, हे सिद्ध होतं का? तेही नाही. तिथीचं इंग्रजी तारखेत रूपांतर बरोबर केलंय, एवढंच त्यातून कळतं. मूळ तिथी कुणी आणि कधी नोंदवली, हा प्रश्न वेगळाच राहतो.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलंय

साधनं तपासून एखादी तारीख कशी बदलते, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. शिवाजी महाराजांचा जन्म.

एकेकाळी बखरींच्या आधारे महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा मानला जायचा. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे सालवार घटनांची कोरडी यादी. ना वर्णन, ना भाषणं. ती १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०.

एक कागद सापडला म्हणून लगेच तारीख बदलली का? नाही. वाद झाला आणि तो कित्येक दशकं चालला. पुढे 'शिवभारत' प्रकाशात आलं, १९२७ मध्ये छापलं गेलं. त्यातही तीच तिथी निघाली. राजस्थानात सापडलेल्या एका कुंडलीनेही त्याला दुजोरा दिला.

इथे मुलांना थांबवून विचारायचं: या तीन साधनांची ताकद कशात आहे? मावळातलं देशमुखी घराणं, महाराजांच्या पदरचा कवी आणि शेकडो मैलांवरचा राजस्थानातला ज्योतिषी. तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलं असण्याची शक्यता कमी. म्हणून त्यांच्या सहमतीला वजन आहे.

याउलट तुमच्या दहा ग्रुपवर एकच मेसेज आला, तर ते दहा पुरावे होत नाहीत. तो एकच पुरावा दहा वेळा कॉपी झालेला असतो. दुजोरा आणि फॉरवर्ड यातला फरक मुलांना कळला, तरी अर्धी लढाई जिंकली.

शेवटी २००१ साली राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. शकावली छापून झाल्यावर ८५ वर्षांनी.

चित्रावर विश्वास ठेवायचा का?

'फोटो आहे म्हणजे खरं असणार', हा आपला सगळ्यात जुना भ्रम. एकेकाळी शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र अनेक ठिकाणी छापलं जायचं, ते खरं तर इब्राहीमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचं होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचं चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांसमोर आणलं, तेव्हा ही चूक दुरुस्त व्हायला सुरुवात झाली.

त्या काळी हे शोधायला वर्षं लागली. आज तुमच्या मोबाईलवर चित्राचा उलट शोध घ्यायला अर्धं मिनिट पुरतं. पण आता चित्र शून्यातून तयार करणारं एआयही त्याच मोबाईलवर आहे. त्यामुळे 'हे मूळ चित्र कोणत्या संग्रहालयात किंवा कोणत्या पुस्तकात आहे' हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय. त्याचं उत्तर नसेल, तर चित्र कितीही सुंदर असो, ते सजावट म्हणून ठीक. पुरावा म्हणून नाही.

आणि जमिनीतून निघालेली वस्तू? ती तर खोटं बोलत नाही ना?

जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला सिंदखेडराजात लाखुजी जाधवांच्या समाधीच्या परिसरात काम करताना जुन्या मंदिराचे अवशेष दिसले. अजून खोल गेल्यावर दोन मीटरहून खाली शेषशायी विष्णूची मोठी, देखणी मूर्ती सापडली. व्हिडिओ राज्यभर फिरले. सोबत हवे तसे निष्कर्षही फिरले.

मूर्ती खोटं बोलत नाही, हे खरं. पण ती बोलतच नाही. ती कोणत्या थरात सापडली, शेजारी काय होतं, दगड कोणता, घडवण्याची शैली कोणत्या काळातली, यावरून अभ्यासक तिला बोलतं करतात. म्हणून उत्खननात मूर्ती लगेच उचलत नाहीत. आधी मोजमाप, फोटो, नोंदी होतात. शेतात नांगरताना एखादं नाणं सापडलं आणि ते घासूनपुसून खिशात टाकलं, तर नाणं उरतं, पण त्याच्यामागचा इतिहास गेलेला असतो. ग्रामीण भागातल्या मुलांना हे सांगणं फार गरजेचं आहे. कारण असं काही पहिल्यांदा त्यांनाच सापडण्याची शक्यता जास्त असते.

नाव ठेवणारा कोण?

सिंदखेडराजा तालुक्यातलंच साखरखेर्डा घ्या. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला. हैदराबादच्या निजामी राज्याचा पाया या लढाईने पक्का झाला. विजयानंतर गावाचं नाव बदलून 'फतेहखेर्डा' ठेवलं गेलं. फतेह म्हणजे विजय.

कुणाचा विजय? ज्याने नाव ठेवलं त्याचा. मुबारिजखानाच्या माणसांनी गावाला हे नाव नक्कीच दिलं नसतं. गावाचं नावसुद्धा एक साधन असतं आणि त्याला बाजू असते. आज लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच टिकलंय, हीसुद्धा एक नोंदच आहे.

इंग्रजांच्या गॅझेटिअरलाही अशीच बाजू आहे. १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटिअर असो की १९१० चं बुलढाणा जिल्ह्याचं, पिकं, बाजार, महसूल यासाठी ती माहितीची खाण आहेत. पण ती राज्य करणाऱ्यांनी राज्य करण्यासाठी लिहिली होती. एखाद्या समाजाचा 'स्वभाव' सांगणारं त्यातलं वाक्य आज डोळे झाकून शेअर करणं, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाचा पूर्वग्रह फॉरवर्ड करणं.

मोठमोठे तज्ज्ञही फसतात

एप्रिल १९८३ मध्ये जर्मनीच्या 'स्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या गुप्त डायऱ्या सापडल्याचं जाहीर केलं. त्यासाठी त्यांनी लाखो मार्क मोजले होते. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकाराने त्या खऱ्या असल्याचं सुरुवातीला म्हटलंही. पण जर्मन सरकारी तपासणीत कागद, बांधणी असं सामान दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातलं निघालं. डायऱ्या कोनराड कुजाऊ नावाच्या माणसाने स्वतः लिहिल्या होत्या. आपल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातही प्रसारमाध्यमांच्या धड्यात हे उदाहरण आहे.

हीच परीक्षा आपल्याकडच्या कागदांना लावता येते. राज्याभिषेक शक सुरू झाला जून १६७४ मध्ये. म्हणजे राज्याभिषेक शकाची कालगणना असलेलं १६६५ चं पत्र कुणी दाखवलं, तर ते बनावट. जिजाऊंचं निधन पाचाडला १७ जून १६७४ ला झालं. म्हणजे त्यांनी १६७६ मध्ये लिहिलेलं 'भावुक पत्र' फिरत असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही. अशी काळाची विसंगती पकडायला मोडी वाचता यावी लागत नाही. चार पक्क्या तारखा माहीत असल्या तरी चालतं.

जुन्या काळीही लोक बनावट कागद करत होतेच. कारण बहुतेकदा वतन किंवा जमीन. आज कारण लाइक आणि व्ह्यूज. कारण बदललं, हातचलाखी तीच.

वर्गात नेमकं काय करायचं?

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासकार कागद कसा वाचतात, यावर बरंच काम केलंय. त्यांच्या मते सामान्य विद्यार्थी मजकूर वरून खाली वाचत जातो. इतिहासकार आधी 'हे कुणी आणि कधी लिहिलं' ते बघतो, मग वाचायला लागतो. हे विद्यार्थ्यांना शिकवता येतं.

त्यांच्या आणखी एका प्रयोगात इतिहासाचे पीएचडी झालेले प्राध्यापक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्टचेकर यांना काही वेबसाइट तपासायला दिल्या. सगळ्यात जलद आणि अचूक फॅक्टचेकर ठरले. कारण ते त्या पानावर रेंगाळले नाहीत. दुसरी टॅब उघडून 'या वेबसाइटबद्दल इतर लोक काय म्हणतात' ते त्यांनी शोधलं. याला आपण 'आडवं वाचन' म्हणू.

या सगळ्यातून एका तासिकेत करता येईल असा उपक्रम तयार होतो. खर्च शून्य.

१. जिल्ह्यातल्या एका विषयावरची तीन साधनं फळ्यावर लिहा. उदाहरणार्थ, लोणारची कथा, ऐन-ए-अकबरीतली नोंद आणि मोबाईलवरचा एक मेसेज.

२. प्रत्येकासमोर चार रकाने काढा: कुणी सांगितलं? घटनेनंतर किती वर्षांनी? कशासाठी सांगितलं? आणखी कुठे दुजोरा मिळतो?

३. मुलांना गटात बसवा आणि रकाने भरू द्या. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. 'माहीत नाही' हे उत्तर बरोबर धरा आणि त्यालाही मार्क द्या.

४. शेवटी प्रत्येक गटाने एकच वाक्य लिहायचं: 'हे साधन अमुक प्रश्नासाठी उपयोगी आहे, तमुक प्रश्नासाठी नाही.'

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. कारण ती मुलांना 'खरं की खोटं' यापलीकडे नेते.

घरी आजीची मदत घेता येईल. जात्यावरच्या ओव्या, गावच्या यात्रेची गोष्ट, दुष्काळाची आठवण हे सगळं मौखिक साधन आहे. आजीला साल कदाचित नीट सांगता येणार नाही. पण त्या दुष्काळात घरात काय शिजत होतं, हे तिच्याइतकं नीट कुठलंही गॅझेटिअर सांगणार नाही.

फॉरवर्ड करण्याआधी एवढं करा

मेसेजमध्ये मूळ साधनाचं नाव आहे का ते बघा. 'जुन्या ग्रंथात लिहिलंय' हे नाव होत नाही. नाव असेल तर ते साधन खरंच अस्तित्वात आहे का, ते दुसऱ्या टॅबमध्ये शोधा. सनावळीची वजाबाकी करा. चित्र असेल तर त्याचा उलट शोध घ्या. एआयला विचारलं असेल तर त्याने दिलेल्या पुस्तकाचं नाव तपासा, कारण तो नसलेली पुस्तकंही आत्मविश्वासाने सांगतो. आणि मेसेज वाचून प्रचंड राग किंवा प्रचंड अभिमान दाटून आला असेल, तर तासभर थांबा. तपासण्याची सगळ्यात जास्त गरज नेमकी तेव्हाच असते.

एक धोका उलट दिशेचाही आहे

हे सगळं शिकवताना मुलं दुसऱ्या टोकाला जाऊ शकतात. 'सगळाच इतिहास खोटा, ज्याला जे वाटलं ते त्याने लिहिलं.' ऐकायला हे हुशारीचं वाटतं, पण हा आळस आहे. सगळ्यावर विश्वास ठेवणारा आणि कशावरच न ठेवणारा, दोघेही तपासण्याचे कष्ट टाळतात.

जेधे शकावली, शिवभारत आणि कुंडली यांनी मिळून एक तारीख पक्की केली. लोणारच्या खडकाने दीडशे वर्षांचा समज बदलला. साधनं नीट तपासली तर खात्रीशीर उत्तरं मिळतात, हेच यातून दिसतं. काही वेळा ती उशिरा मिळतात, इतकंच.

येत्या जानेवारीत सिंदखेडराजाचे मेसेज पुन्हा येतील. तेव्हा ग्रुपवर कुणाशी भांडत बसण्यापेक्षा घरातल्या नववी-दहावीच्या मुलाला एकच काम द्या: 'यातली १५९९ ची गोष्ट आणि १५९८ ची जन्मतारीख जुळते का, जरा वजाबाकी करून सांग.' बाकीचे प्रश्न त्याला आपोआप पडतील.